अडीच

दर महिन्याला फोन येतो, पंधरा तारखेच्या पुढेमागे.
मी जाळं सांधत असलो तर
रिसीव्हर खांद्याला दाबून बोलतो.
ओडेट नाव तिचं. आवाजाला बारमाही सर्दी.
"मिस्टर अँब्रोज, गेल्या आठवड्यात, म्हणजे रविवार ते शनिवार,
पैशासाठी काही काम केलंत?"
नाही.
"काम शोधलंत?"
मासळीचा कारखाना बंद पडून चार वर्षं झाली,
त्याच्या धक्क्यावर आता फक्त पक्षी बसतात.
नाही, म्हणतो मी.
पलीकडे कळा वाजतात, पत्र्यावर गारा पडाव्यात तशा.

मग ती नावं वाचते, हजेरी घेतल्यासारखी.
नोरीन, मुलगी, चौतीस. अजून तिथेच राहते?
राहते. खेकड्यांच्या बोटीवर जाते, पहाटे तीनला.
एमेट, नातू, नऊ. अजून तिथेच?
हो.
फेब्रुवारीत हो म्हणून बसलो, आता नाही कसं म्हणू?
खरं म्हणजे एक आठवडा आमचा, एक त्याच्या बापाचा.
खाडीपल्याड, हिरव्या छपराचं, दिसतं ते घर इथून.
रविवारी संध्याकाळी दप्तर बाजू बदलतं.
एक बूट नेहमी चुकीच्या घरी राहतो.

मे महिन्यात टपालाने दुसराच कागद आला.
खानेसुमारी. अख्ख्या देशाची, एका दिवसाची.
"अगं, आपण तर दर महिन्याला सांगतोच की त्यांना."
"ते वेगळं, बाबा, हे वेगळं.
दोन्ही द्यावंच लागतं. कायदा आहे."
या हाताचं त्या हाताला कळू नये,
हे मी दानाबद्दल ऐकलं होतं.

सूचना बारीक अक्षरात होत्या:
मूल दोन्हीकडे सारखंच राहत असेल
तर त्या दिवशी जिथे असेल, तिथे लिहा.
तो दिवस मंगळवार. तो आठवडा हिरव्या छपराचा.
नोरीनने दोनदा वाचलं.
बोटीवरून आलेली, हातमोज्यांनी बोटं अजून पांढरी.
मग चौकटीत २ लिहिला
आणि त्याच आकड्यावरून पेन इतक्यांदा फिरवलं
की कागद पलीकडून उठून आला.

दोन दिवसांनी फोन.
एमेट, नातू, अजून तिथेच?
नोरीन भांडी घासत होती. नळ बंद केला तिने.
हो, म्हणालो मी.
नळ पुन्हा सुरू झाला.

रविवारी तो आला तो थेट कड्यावर, वही घेऊन.
या दिवसांत हिमनग खाली वाहत येतात,
उत्तरेकडून, कुणी हाकलल्यासारखे मंद.
"सात, आजोबा. पण दोन जुनेच आहेत,
ते मी बाबांकडूनही मोजले होते."
मग खोड त्यांना.
"का? तिकडून ते वेगळे दिसत होते."
थोड्या वेळाने म्हणाला,
"आणि तो मोठा परवा फुटला ना,
त्याला एक धरू की दोन?"
मला सांगता आलं नाही.
जन्म समुद्रावर गेला, तरी नाही.

जुलैत ओडेट म्हणाली, हा सहावा,
आता तुमच्यामागे आमचा त्रास नाही.
काम? नाही. शोधलंत? नाही.
नोरीन? आहे.
एमेट?
"या आठवड्यात आहे," म्हणालो.
गारा पडल्या नाहीत.
"मिस्टर अँब्रोज, तसं लिहायची सोय नाही माझ्याकडे."
मग आहे लिही.

पोरगा चिखलाच्या बुटांनी आत आला होता.
केपलिन किनाऱ्याला लोटले होते दोन दिवस,
सगळं गाव पाण्यात, घोट्यापर्यंत रुपेरी.
"तिला सांगा, मीही काम केलं! मासे भरले!"
सांगितलं.
ती हसली, सर्दीसकट.
"पंधरा वर्षांखालच्यांचं काम नोंदत नाही आम्ही."
ठाऊक आहे.
फोन ठेवेल असं वाटलं. ठेवला नाही.
"किती बादल्या?"
मी वळून विचारलं.
"अडीच!" दारातून तो ओरडला.
"तिसरी होती भरलेली,
येताना सांडली थोडी."